जागे राहण्याची गोळी आणि झोपेचे देणे

१९ मार्च २०१३ रोजी पहाटे तीनच्या सुमारास गोव्याहून मुंबईकडे निघालेली एक खाजगी आरामगाडी खेडजवळ जगबुडी नदीच्या पुलावरून खाली कोसळली आणि सदतीस माणसे प्राणांस मुकली. अपघाताच्या कारणांची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. गाडीचा वेग, अरुंद पूल, महामार्गाची दुर्दशा हे सर्व बोलून झाले. त्या चर्चेत कोणाचे खरे होते याचा निवाडा येथे करावयाचा नाही. लक्षात घ्यावयाची आहे ती फक्त घटिका. पहाटे दोन ते पाच हा काळ असा आहे की, त्या वेळी माणसाच्या शरीराचे तापमान उतरलेले असते आणि सावधपणाने तळ गाठलेला असतो. चालक कितीही सराईत असो, त्या घटिकेला निसर्ग त्याच्या बाजूने नसतो.

रत्नागिरी जिल्ह्याचे बरेचसे जीवन याच घटिकेवर बेतलेले आहे. गणपतीला आणि शिमग्याला येणारा चाकरमानी रात्रीच्या गाडीने येतो. हापूसच्या पेट्या सकाळच्या बाजाराला वाशीत पोहोचाव्यात म्हणून ट्रक रात्रभर घाट चढत-उतरत असतो. मिरकरवाड्याच्या बंदरातून होड्या अंधारात सुटतात. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हापासून इंजिनचालक, स्टेशनमास्तर आणि रुळांवर गस्त घालणारा कामगार हेही रात्रीच्या चाकरीत आले. रुग्णालयांतील परिचारिका आणि कारखान्यांतील तिसरी पाळी तर होतीच. आता स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत रात्र काढणाऱ्या विद्यार्थ्यांची त्यांत भर पडली आहे. या सर्वांना रात्री जागावे लागते आणि शरीर त्याला राजी नसते. आजवर चहा, तंबाखू आणि तोंडावर पाण्याचा हबका एवढेच उपाय होते. आता त्यांच्या बोलण्यात एका गोळीचे नाव येऊ लागले आहे. मोडाफिनिल आणि तिचे भावंड आर्मोडाफिनिल ही ती औषधे होत.

ही गोळी विष नव्हे आणि अमृतही नव्हे. झोपेचा आजार जडलेल्या रोग्याला ती पुन्हा माणसांत आणते. निरोगी परंतु दमलेल्या माणसाची मात्र ती फसवणूक करते. हा भेद समाजाला उमगला नाही, तर ज्याला औषध हवे त्याला ते मिळणार नाही आणि ज्याला नको तो ते खिशात घेऊन हिंडेल.

आळस नव्हे, आजार

दुसऱ्या महायुद्धात दोन्ही पक्षांनी आपल्या सैनिकांना जागे ठेवण्यासाठी अ‍ॅम्फेटामिन जातीची औषधे वाटली. त्यांचे व्यसन लागते, मन भ्रमिष्ट होते, हृदयावर ताण येतो, हे पुढे ध्यानात आले. आपल्याकडेही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने त्यांवर कडक नियंत्रण आले. मोडाफिनिल हे त्या मानाने सौम्य औषध. त्याचा जन्म फ्रान्समधला. अमेरिकेत डिसेंबर १९९८ मध्ये नार्कोलेप्सी या विकारासाठी त्याला मान्यता मिळाली. २००४ मध्ये झोपेतील श्वासरोध आणि रातपाळीमुळे जडणारा निद्राविकार या दोहोंसाठी तिचा विस्तार झाला. युरोपने मात्र अधिक सावध पवित्रा घेतला. तेथील औषध संस्थेने २०१० मध्ये फायद्यातोट्याचा हिशेब पुन्हा मांडून हे औषध नार्कोलेप्सीपुरतेच ठेवावे अशी शिफारस केली. एकाच औषधाबद्दल दोन प्रगत समाज असे वेगळे बोलतात, त्या अर्थी ते वाण्याच्या दुकानातील जिन्नस नव्हे, एवढे तरी मान्य व्हावे.

नार्कोलेप्सी हे नाव जेलिनो या फ्रेंच वैद्याने १८८० मध्ये दिले. या रोग्याला दिवसा, बोलता-बोलता, जेवता-जेवता अनिवार झोप येते. काहींना मोठ्याने हसू आले की गुडघ्यांतले बळच जाते आणि ते खाली बसतात. पाहणाऱ्याला ती फेफरे वाटते. काहींना झोपेच्या उंबरठ्यावर हातपाय हलवता येत नाहीत, छातीवर कोणी बसले आहे असा भास होतो. कोकणात अशा अनुभवाला बाहेरची बाधा ठरवून गाऱ्हाणे घालण्याची, कौल लावण्याची चाल आहे. देवावरील श्रद्धेला येथे हात घालण्याचे कारण नाही. पण कौलाबरोबर डॉक्टरही हवा. मेंदूतील ओरेक्सिन नावाचे, जागेपणा टिकवणारे द्रव्य नाहीसे झाल्याने बहुधा हा विकार होतो, हे १९९८ नंतरच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. त्यात भुताचा संबंध नाही आणि रोग्याचा अपराधही नाही.

हा आजार बहुधा पौगंडावस्थेत किंवा तरुणपणी सुरू होतो, म्हणजे तो प्रथम दिसतो तो वर्गात. पाश्चात्त्य देशांत त्याचे प्रमाण दोन ते चार हजारांत एक असे सांगतात. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सोळा लाखांवर होती. तेच प्रमाण येथे लावले तर चारशे ते आठशे माणसे होतात. त्यांपैकी कितीजणांना ‘कुंभकर्ण’ म्हणून बाकावर उभे केले गेले असेल, याचा विचार शिक्षकवर्गाने करावा. रोज झोपणारे मूल उनाड असेलच असे नाही.

त्याहून फार मोठी संख्या श्वासरोधाच्या रोग्यांची. हा माणूस रात्री घोरतो. घोरता-घोरता श्वास काही क्षण अडतो, दचकून पुन्हा सुरू होतो, आणि असे रात्रीतून कित्येक वेळा होते. सकाळी डोके जड, रक्तदाब चढलेला आणि दुपारी कचेरीतील टेबलावर पेंग. घरचे घोरण्याला हसतात, साहेब पेंगण्याला रागावतो. या रोग्याचा खरा उपाय म्हणजे ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये पुढे आणलेले, मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र. गोळीने घसा उघडत नाही. यंत्र लावूनही दिवसा झोप उरली तरच जोडीला गोळीचा विचार होतो. यंत्र टाळून नुसती गोळी घेणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून खाली पातेले लावण्यासारखे आहे.

दिवसा झोप येण्याची कारणे तेवढ्यावर संपत नाहीत. रक्त कमी असणे, थायरॉइडची मंदता, मनाची उदासी, एवढेच काय, सर्दीसाठी घेतलेली साधी गोळीही माणसाला पेंगुळते. म्हणून आधी निदान, मग औषध. रात्रीच्या झोपेची यंत्राद्वारे तपासणी करता येते. दिवसा ठरावीक अंतराने झोपावयास लावून किती मिनिटांत झोप लागते, हेही मोजता येते.

घ्यावयाची तर कशी

कायद्याने हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाही. हा नियम औपचारिक नाही, हे औषधाचे गुणधर्म पाहिले म्हणजे कळते. पोटात गेलेल्या औषधाचा निम्मा अंश शरीराबाहेर पडावयास बारा ते पंधरा तास लागतात. दुपारी चारला गोळी घेतली तर पहाटेपर्यंत निम्मे औषध रक्तात असते आणि रात्रीची झोप हातची जाते. म्हणून नार्कोलेप्सी व श्वासरोधाच्या रोग्याने ती सकाळी घ्यावयाची आणि रातपाळीच्या रोग्याने पाळीपूर्वी सुमारे एक तास. मात्रा डॉक्टर ठरवील ती. आज जास्त काम आहे म्हणून दोन, हा हिशेब नव्हे.

डोकेदुखी, मळमळ, अस्वस्थता आणि निद्रानाश हे नेहमी आढळणारे त्रास. क्वचित परंतु गंभीर असा त्रास त्वचेचा. पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले, ताप भरला, तर गोळी तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे. येथे दिरंगाई जिवावर बेतू शकते. ज्याला हृदयविकार आहे, रक्तदाब आहे, किंवा पूर्वी मनोविकार होऊन गेला आहे, त्याने ते डॉक्टरांपासून लपवू नये. या औषधाने भास, संशय वा उन्माद उद्‌भवल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

स्त्रियांच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष महत्त्वाची, आणि संकोचामुळे नेमकी तीच बोलली जात नाही. संततिनियमनाच्या गोळ्यांचा प्रभाव हे औषध कमी करते, आणि ते बंद केल्यावरही सुमारे महिनाभर तो परिणाम राहतो. गरोदरपणात ते घेतल्यास गर्भात व्यंग येण्याचा धोका असल्याचे इशारे युरोपातील नियंत्रकांनी २०१९ मध्ये दिले. रातपाळी करणाऱ्या परिचारिकेला हे आधी सांगितले गेले पाहिजे. फेफऱ्यावरील आणि रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांशीही त्याचा खटका उडतो; सबब चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. मद्य वर्ज्य समजावे. आणि मित्राला झाला म्हणून त्याच्या पाकिटातील गोळी आपल्यालाही गुण देईल, ही समजूत सोडावी.

गोळीने जे होत नाही

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा की, या गोळीने झोप लांबते, फिटत नाही. रातपाळीच्या विकाराने त्रस्त अशा दोनशेहून अधिक कामगारांवर अमेरिकेत केलेला एक प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी घेणाऱ्यांत घरी परतताना होणारे अपघात व थोडक्यात टळलेले अपघात कमी आढळले, हा लाभ निःसंशय. पण रात्री झोपावयास सांगितल्यावर त्यांना सरासरी दोन मिनिटांत झोप लागत होती, ती औषधाने चार मिनिटांच्याही आतच राहिली. म्हणजे योग्य निदान झालेला, वैद्याच्या देखरेखीखालील रोगीसुद्धा गोळीने पूर्ण सावध झाला नाही. मग एकामागून एक दोन फेऱ्या मारणाऱ्या चालकाची काय कथा?

याच्याशी आणखी एक आकडा ताडून पाहावा. सतत सतरा तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून रात्री अकरानंतरही गाडी हाकणारा निर्व्यसनी मनुष्य मद्यप्यापेक्षा फारसा सुरक्षित नाही. फरक इतकाच की, मद्य पोलिसांच्या यंत्रात दिसते, जागरण दिसत नाही. आणि गोळीने डोळे उघडे ठेवले म्हणजे ते खुद्द चालकालाही दिसेनासे होते.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हीच गोष्ट निराळ्या रीतीने खरी आहे. दिवसभर वाचलेले स्मृतीत पक्के होण्याचे काम मोठ्या अंशी झोपेतच होते. रात्र जागून चार प्रकरणे अधिक वाचणारा आणि ती साठवणारी झोप गमावणारा विद्यार्थी पदरात काय पाडून घेतो? चरकाने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेला जीवनाचा आधारस्तंभ मानले, ते काही आळशांची बाजू घेण्यासाठी नव्हे.

जबाबदारी कोणाची

आपल्या संस्कृतीला जागरणाचे वावडे नाही. कोजागरी आहे, हरतालिका आहे, शिमग्यात पालखी नाचवत गाव रात्र-रात्र जागतो. पण ते जागरण वर्षाकाठी ठरलेल्या रात्रींचे आणि स्वखुशीचे असते. दुसऱ्या दिवशी गाव झोपतो. पोटासाठी रोज केलेल्या जागरणाला तो दुसरा दिवस नसतो. म्हणून या प्रश्नाचा भार एकट्या रोग्यावर किंवा कामगारावर टाकणे अन्यायाचे होईल. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. म्हणजे विश्रांती ही मालकाची मेहरबानी नसून कामगाराचा हक्क आहे, हे तत्त्व साठ वर्षांहून जुने आहे. ते रस्त्यावर उतरले पाहिजे. लांबच्या रात्रीच्या गाडीवर दोन चालक, पहाटेपूर्वी अर्ध्या तासाच्या डुलकीची सक्तीची सोय, महामार्गावर चालकासाठी स्वच्छ खाट या गोष्टी गोळीपेक्षा महाग आहेत खऱ्या. परंतु सदतीस प्रेतांपेक्षा स्वस्त आहेत.

निदानाचा मार्गही मोकळा व्हावयास हवा. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार गावांची नावे मनोरुग्णालयांमुळे महाराष्ट्रात थट्टेचा विषय झाली आहेत. झोपेच्या तक्रारीसाठी मनोविकारतज्ज्ञाची पायरी चढावी लागली, तर माणूस त्या थट्टेच्या धाकाने मागे फिरतो आणि दुकानातून परस्पर गोळी आणतो. मज्जाविकारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि छातीच्या विकारांचा तज्ज्ञ या तिघांचे ज्ञान झोपेच्या रोग्याला लागते. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी, सरकारी दरात, ही तपासणी एका छपराखाली मिळावी अशी मागणी करणे वावगे होणार नाही. औषधविक्रेत्याने चिठ्ठी मागावी, शिक्षकाने पेंगणाऱ्या मुलाच्या पालकांना बोलावून घ्यावे आणि कचेरीतील वरिष्ठाने मेमो देण्यापूर्वी सहकाऱ्याला प्रकृती विचारावी. यांतील एकाही गोष्टीला शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

झोप हे शरीराचे देणे आहे. निद्राविकाराच्या रोग्याला ते देणे फेडूनही सुटका नसते, म्हणून वैद्यकशास्त्राने त्याच्या हाती गोळी दिली. ती त्याला निःसंकोचपणे आणि नियमाने घेता आली पाहिजे. उरलेल्या आपण सर्वांनी मात्र हे देणे रोजच्या रोज, अंथरुणावर पडून चुकते करावे, हेच शहाणपणाचे.