मृगापूर्वीची शाकारणी

कोकणात वैशाख सरत आला, की आंब्याफणसांची धांदल चालू असतानाच वडीलधाऱ्या माणसांची नजर वारंवार घराच्या छपराकडे जाऊ लागते. जूनच्या 7 किंवा 8 तारखेच्या सुमारास मृग नक्षत्र लागते. पुढच्या चार महिन्यांत या पट्टीत बहुतेक ठिकाणी 2500 मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. मातीच्या भिंतींचे घर त्या पावसात उभे राहते ते केवळ छपराच्या आधारावर. म्हणून मृगापूर्वी ते शाकारून घेणे हे काम लग्नकार्याइतकेच निकडीचे मानतात.

आता पुष्कळ घरांवर स्लॅब किंवा पत्रे आले आहेत. जुन्या घरांवर मात्र अजूनही कोठे कोठे कुंभाराने घडविलेले नळे दिसतात. कुंभार चाकावर मातीची लांबट नळी ओढतो. ती उभी चिरली, की तिचे दोन नळे होतात. नळ्यांची एक ओळ उताणी मांडतात. तिच्या पन्हळीतून पाणी वाहते. शेजारशेजारच्या दोन उताण्या ओळींच्या सांध्यावर एक पालथी ओळ बसते. वरच्या नळ्याचे टोक खालच्या नळ्यावर चढलेले असते. या साऱ्या रचनेत खिळा नाही की चुना नाही. नळे आपल्या वजनानेच जागच्या जागी राहतात. त्यामुळे ते बदलणे सोपे, आणि विसकटणे त्याहूनही सोपे! वानरांची एक टोळी छपरावरून धावत गेली, की वर्षभर नीट असलेल्या ओळी क्षणात ढळतात.

नळे उतरवायचे ते आढ्याकडून खाली, आणि पुन्हा मांडायचे ते वळचणीकडून वर. वरचा नळा खालच्यावर चढवायचा असल्याने दुसरा मार्गच नाही. उतरविलेल्या नळ्यांवरील शेवाळ आणि पन्हळीत साचलेला पालापाचोळा झाडून टाकतात, कारण पाचोळ्याने पाणी तुंबले, की ते काठावरून आत उतरते. तडा गेलेला नळा उताण्या ओळीत कधीही घालीत नाहीत. जाणता माणूस एका दिवशी सगळे छप्पर उघडीत नाही. संध्याकाळपर्यंत जेवढे झाकून होईल, तेवढेच तो सकाळी उघडतो. वळवाचा पाऊस सांगून येत नाही, आणि उघड्या घरात भाताची कणगी भिजली, तर वर्षाचे अन्नच नासते.

नळे निघाले, की खालचे लाकूड दिसू लागते. वासा कोयत्याच्या पाठीने ठोकून पाहतात. आवाज पोकळ आला, तर वाळवीने आतून पोखरले आहे असे समजावे. बांबूच्या रिपा काथ्याच्या दोरीने नव्याने बांधतात. हे बांबू आधी काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवलेले असतात. बांबूतील गोडसर अंश पाण्यात उतरून जातो आणि मग किडीला त्यात फारसे खाद्य उरत नाही.

छप्पर झाले, की भिंतीची पाळी. वरून गळणारे पाणी भिंतीच्या माथ्यावर पडले, तर ते आत मुरते. माती फुगते, जड होते आणि एखाद्या रात्री भिंत बसते. उंदरांनी पाडलेली भोके भरताना मातीत भाताचे तूस मिसळतात. नुसती चिकणमाती वाळताना आकसते आणि भेगाळते. तुसाने ती धरून राहते. पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो, म्हणून त्या बाजूच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे बांधतात.

फुटलेले नळे वाया जात नाहीत. परसात पडवळ, शिराळी, कारली यांची आळी करतात. त्यांच्या कडेला हे तुकडे उभे रोवले, की मुसळधार पावसात माती वाहून जात नाही. आळी पागोळ्यांपासून दोन हात तरी दूर घेतात, नाहीतर छपराच्या धारेखाली कोवळे रोप झोडपून निघते. मांडवाला पांगाऱ्याच्या फांद्यांचे खांब करतात. ते पावसात मुळे धरून जिवंत होतात, त्यामुळे वाळवीची भीती राहत नाही. वेलाला सुरुवातीला येणारी फुले बहुधा नरफुले असतात आणि ती गळून पडतात. ते पाहून मुले हिरमुसतात; पण मागून येणाऱ्या मादीफुलांच्या देठाशी इवलेसे फळ आधीच दिसत असते. पडवळ वाकडे वाढू लागले, की त्याच्या टोकाला दोरीने लहानसा दगड बांधतात. हे काम मुले मोठ्या हौसेने करतात, आणि पुढे रोज जाऊन आपले पडवळ मोजतात!

मग एके रात्री मृग बरसतो. घरातील कोणीतरी कंदील किंवा विजेरी घेऊन खोलीखोलीतून वर पाहत हिंडू लागते. माजघरात एके ठिकाणी टपटप ऐकू येते. तेथे तात्पुरते तपेले ठेवतात, आणि आजोबा लांब काठी घेऊन आतूनच तो ढळलेला नळा हळूच वर सरकवतात. टपटप थांबते. तपेले मात्र सकाळपर्यंत तेथेच राहू देतात.