घरखर्चाचे अंदाजपत्रक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

येणारा पैसा कशासाठी ठेवायचा हे आधीच ठरवणे, म्हणजे घरखर्चाचे अंदाजपत्रक. उरण तालुक्यातील चिरनेर आणि आसपासच्या गावांत भातशेती, बंदर परिसरातली नोकरी, रोजंदारी किंवा छोटा धंदा असे दोन-तीन प्रकारचे उत्पन्न अनेकदा एकाच घरात येते. अशा घरांना हे काम किचकट वाटते, ते पुढील समजुतींमुळे.

गैरसमज: ठरावीक पगार असेल तरच अंदाजपत्रक जमते.
वस्तुस्थिती: अनियमित उत्पन्नाला त्याची गरज अधिक असते. भाताचा पैसा कापणी-झोडणीनंतरच हाती येतो. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असल्याने करंजा आणि मोरा बंदरांवरच्या कुटुंबांची कमाई आटते. म्हणून नेहमीचा खर्च गेल्या वर्षातल्या कमी कमाईच्या महिन्यांवर बेतावा आणि बऱ्या महिन्यांतला जादा पैसा पडत्या महिन्यांसाठी बाजूला काढावा.

गैरसमज: सणवार हिशेब बिघडवतात.
वस्तुस्थिती: सणांच्या तारखा पंचांगात आधीच असतात; बिघडवते ती तरतूद नसणे. गणपती येतात तेव्हा भात शेतातच उभे असते आणि घरात रोकड कमी असते. समजा, वर्षभरात शाळेला 12,000, गणपतीला 10,000, दिवाळीला 8,000 आणि विम्याच्या हप्त्याला 6,000 रुपये लागतात. एकूण 36,000 झाले. दरमहा 3,000 बाजूला पडले, तर भाद्रपदात उसनवारी करावी लागत नाही.

गैरसमज: प्रत्येक रुपया लिहायलाच हवा.
वस्तुस्थिती: जपानमध्ये पत्रकार हानी मोतोको यांनी 1904 मध्ये घरखर्चाची वही प्रसिद्ध केली, ‘काकेइबो’ नावाने ही पद्धत आजही वापरली जाते. तिचे मर्म खर्चाकडे लक्ष देण्यात आहे, पैन् पैचा मेळ बसवण्यात नाही. किराणा, बिले व हप्ते, वार्षिक तरतूद आणि इतर एवढे चार कप्पे बहुतेक घरांना पुरतात.

गैरसमज: 20 टक्के बचत झाली नाही, तर अंदाजपत्रक फसले.
वस्तुस्थिती: गरजा 50, इच्छा 30 आणि बचत 20 टक्के हे सूत्र एलिझाबेथ वॉरन व अमेलिया वॉरन त्यागी यांनी 2005 मध्ये अमेरिकी कुटुंबांसमोर मांडले. कमी उत्पन्नात गरजांवरच जास्त पैसा जातो, त्यात कमीपणा नाही. टपाल कार्यालयातले आवर्ती ठेव खाते दरमहा 100 रुपयांपासून उघडता येते.

गैरसमज: अडीअडचणीचा पैसा कुठेही ठेवला तरी सारखाच.
वस्तुस्थिती: 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. अशा वेळी ठेव विम्याखाली एका बँकेतील प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंतच संरक्षण मिळते. पतसंस्था आणि भिशी यांना हा विमा लागू नाही. त्यामुळे आजारपणासाठीची शिल्लक विमा असलेल्या बँकेत किंवा टपाल बचत खात्यात ठेवावी.

गैरसमज: एखादा महिना चुकला की सारे मुसळ केरात.
वस्तुस्थिती: अंदाज चुकतोच. महिनाअखेरीस घरातल्या कमावत्या आणि खर्च करणाऱ्या सर्वांनी एकत्र बसून आकडे बदलावेत. दोन-तीन महिन्यांत ते घराच्या खऱ्या खर्चाशी जुळू लागतात.