निसर्गाचा ताळेबंद आणि हरित पक्ष

वाणिज्य शाखेत पाऊल टाकताच आपण शिकतो की, भांडवल वेगळे आणि उत्पन्न वेगळे. मुद्दल मोडून खाणारा व्यापारी नफ्यात आहे, असे कोणी म्हणत नाही. मग जंगल तोडून मिळालेला पैसा राष्ट्रीय उत्पन्नात जमा होतो, आणि गेलेले जंगल मात्र नावे पडत नाही, हे कसे? हा प्रश्न मतपेटीपर्यंत नेणारे पक्ष म्हणजे हरित पक्ष होत.

त्यांचा जन्म १९७२ सालचा. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर वीजप्रकल्पासाठी पेडर सरोवर धरणाच्या पाण्याखाली जाणार होते. दोन्ही मोठे पक्ष धरणाच्या बाजूचे. तेव्हा विरोध करणाऱ्यांनी मार्च महिन्यात आपलाच गट काढून निवडणूक लढविली. सरोवर वाचले नाही, पण कल्पना वाचली. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये ‘व्हॅल्यूज पार्टी’ निघाली.

या कल्पनेला खरे बळ मिळाले ते पश्चिम जर्मनीत. जानेवारी १९८० मध्ये कार्ल्सरूए येथे ‘दी ग्रूनेन’ हा पक्ष स्थापन झाला. पर्यावरणरक्षण, सामाजिक न्याय, तळापासूनची लोकशाही आणि अहिंसा ही त्याची चार तत्त्वे. १९८३ मध्ये ५.६ टक्के मतांवर त्याने संसदेत २७ जागा मिळविल्या. तेथे पाच टक्क्यांची अट ओलांडली की मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. उलट ब्रिटनमध्ये १९८९ च्या युरोपीय निवडणुकीत हरित पक्षाला सुमारे १५ टक्के मते पडूनही एकही जागा मिळाली नाही. कारण तेथे मतदारसंघात पहिला येईल तोच विजयी. आपली लोकसभेची पद्धतही तीच आहे.

सत्ता आली की तत्त्वांची कसोटी लागते. १९९८ मध्ये जर्मन हरित पक्ष केंद्र सरकारात सामील झाला आणि त्याचे नेते योश्का फिशर परराष्ट्रमंत्री झाले. पुढच्याच वर्षी कोसोव्होच्या युद्धात जर्मन विमाने उतरली. अहिंसावादी पक्षाच्या अधिवेशनात फिशर यांच्यावर लाल रंग फेकला गेला! अणुवीज बंद करण्याचा कायदा मात्र २००२ मध्ये झाला, आणि अखेरची तीन केंद्रे १५ एप्रिल २०२३ रोजी थांबली. पण २०२२ मध्ये रशियाचा गॅस आटला, तेव्हा बंद ठेवलेली कोळशाची वीजकेंद्रे पुन्हा चालू करण्याची पाळी याच पक्षाच्या मंत्र्यावर आली.

म्हणजे हे तत्त्व फोल ठरले काय? मला तसे वाटत नाही. २००१ मध्ये कॅनबेरा येथे जगभरच्या हरित पक्षांनी मिळून सनद स्वीकारली. तिच्या सहा तत्त्वांमध्ये शाश्वतता आहे, म्हणजे आपल्या भाषेत मुद्दलाला हात न लावणे. पक्ष तडजोडी करतील, हरतीलही. परंतु खर्चाची बाजू लपवून काढलेला नफा खोटाच, हा हिशेबाचा नियम काही बदलत नाही. उद्या जमाखर्च लिहायला बसणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी तरी तो विसरू नये.