दिवाळीची सुट्टी, फराळाचा डबा आणि वजन
दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांचा गणवेश घट्ट झाला की आपण लाडवांना दोष देतो. पण वजन सणाच्या एका दिवसाने वाढत नाही. पुढे रोज उघडल्या जाणाऱ्या डब्याने वाढतं.

मोठ्या माणसाचा ढोबळ हिशोब बघा. एक ग्रॅम साखरेतून ४, तर तुपा-तेलातून ९ किलोकॅलरी मिळतात. एक मध्यम बेसनलाडू अंदाजे १७५. जेवणावर रोज दोन जास्तीचे, १८ दिवस खाल्ले तर ६३००. आणि शरीरातली एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७००!

मग काय करायचं?

१. फराळ बशीत वाढा आणि डबा बंद करा. टीव्हीसमोर डबा नकोच.
२. फराळ मधल्या वेळच्या खाण्याऐवजी द्या, त्याच्या जोडीला नको.
३. नरकचतुर्दशीला आपल्याकडे पोहे होतातच. दडपे पोहे नंतरही न्याहारीला करा.
४. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भातकापणी झाली की मिरजोळ्यातले मळे मोकळेच असतात, खेळू द्या.

एक मात्र पाळा. वाढत्या वयात मुलांना उपाशी ठेवू नका, ‘जाड्या’ म्हणून चिडवू नका. चिडवलेलं मूल खाणं सोडत नाही, बहुधा लपून खायला लागतं.