क्रोशाचा रुमाल का मुरडतो?

फाल्गुनात पाहुणे येणार म्हणून चकलांब्यातल्या एका घरी क्रोशाचा गोल रुमाल विणला जात आहे, असे समजा. टाक्याची उंची व रुंदी सारखी असेल, तर दर फेरीस त्रिज्या एका टाक्याने वाढते. परीघ मात्र २ × ३.१४, म्हणजे सुमारे ६ टाक्यांनी वाढतो. म्हणून दर फेरीस ६ टाके वाढवले की रुमाल सपाट राहतो. कमी वाढवले तर त्याची वाटी होते. जास्त वाढवले तर कडेला झालर उठते. ती इस्त्रीने जात नाही. टाके उसवावेच लागतात.

परसातल्या कोबीच्या पानाची कडही मध्यापेक्षा अधिक वाढली की अशीच मुरडते. १९९७ मध्ये गणितज्ञ डायना टाइमिना यांनी टाके ठराविक प्रमाणात वाढवत हायपरबोलिक प्रतलाची प्रतिकृती विणली. तुम्हीही दर फेरीस ३, ६ आणि १२ टाके वाढवून तीन चकत्या विणून पाहा.