विमानाचे पॉइंट : साठवायचे की उडवायचे?

मुलगी अमेरिकेत आणि तिचे पहिलेच बाळंतपण. आईने जायचे हे तर ठरलेलेच असते. प्रश्न असतो तो बाबांचा. दोन तिकिटांचा आकडा ऐकला की बाबा म्हणतात, ''तूच जा, मी इथे घर सांभाळतो.'' आणि त्याच बाबांच्या कपाटात, जुन्या पासबुकांच्या खाली, विमान कंपनीच्या सदस्यत्वाचे कार्ड धूळ खात पडलेले असते. नोकरीच्या निमित्ताने वीस वर्षे दिल्ली, चेन्नई, सिंगापूरच्या वाऱ्या झालेल्या असतात. त्यातल्या बहुतेक वाऱ्यांचे पॉइंट त्या कार्डावर जमा झालेले असतात. किती, हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नसते.

नेहमी प्रवास करणाऱ्या ग्राहकाने आपल्यालाच धरून राहावे, यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने 1 मे 1981 रोजी अशी योजना सुरू केली. जितके मैल उडाल तितके मैल खात्यात आणि पुरेसे जमले की तिकीट फुकट. पुढे जगभरच्या कंपन्यांनी तिची नक्कल केली. आपल्याकडे 1990 नंतरच्या दशकात खासगी विमाने उडू लागली आणि ही कार्डेही घरोघरी आली.

बँकेतल्या ठेवीसारखे हे पॉइंट जपून ठेवावेत, असा बहुतेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. ठेवीवर व्याज मिळते, पॉइंटवर काहीही मिळत नाही. उलट एका तिकिटाला किती पॉइंट लागतील हे कंपनीच ठरवते आणि ती हा आकडा हवा तेव्हा वाढवू शकते. अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीने तर 2015 मध्ये किती पॉइंटला कुठले तिकीट हे सांगणारा तक्ताच काढून टाकला.

कंपनीच बंद पडली तर? किंगफिशरची विमाने ऑक्टोबर 2012 मध्ये जमिनीवर आली आणि ज्यांनी तिचे पॉइंट वर्षानुवर्षे जमवले होते, त्यांच्या हाती केवळ रंगीत कार्ड उरले. जेट एअरवेजने 17 एप्रिल 2019 रोजी उड्डाणे थांबवली. तिची मैलांची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्याने मैल वाचले, योजनेला 'इंटरमाइल्स' असे नवे नावही मिळाले. पण ज्या विमानात बसण्यासाठी ते मैल जमवले, ते विमानच उरले नाही. विस्ताराच्या सदस्यांचे नशीब बरे. नोव्हेंबर 2024 मध्ये ती एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा त्यांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत वळते झाले. तीन कंपन्यांच्या तीन तऱ्हा, आणि प्रवाशाला यातले काहीच आधी माहीत नव्हते.

एका पॉइंटची किंमत

म्हणून हे पॉइंट वेळेत वापरणे शहाणपणाचे. पण कशावर? यासाठी एक छोटा हिशेब प्रत्येक वेळी कागदावर मांडावा. तिकिटाची रोख किंमत घ्या. त्यातून पॉइंटवर तिकीट काढूनही जे कर आणि शुल्क रोख भरावे लागते, ते वजा करा. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटने भागा.

समजा, मुंबई-दिल्ली तिकीट 6,000 रुपयांचे आहे. पॉइंटवर घेतले तर 8,000 पॉइंट आणि कराचे 1,200 रुपये लागतात. म्हणजे 8,000 पॉइंटनी तुमचे 4,800 रुपये वाचले; एक पॉइंट साठ पैशांचा झाला. तेच 8,000 पॉइंट देऊन 2,000 रुपयांचा मिक्सर घेतला, तर पॉइंट पंचवीस पैशांना विकला गेला. भेटवस्तूंची यादी कितीही आकर्षक असो, मिक्सर दुकानातून आणि तिकीट पॉइंटमधून हे धोरण सहसा फायद्याचे ठरते.

आता असे धरा की घरात कुणाची तब्येत अचानक बिघडली, उद्याच निघायचे आहे आणि तेच तिकीट 14,000 झाले आहे. पॉइंट अजूनही 8,000 च लागत असतील आणि कर 1,200, तर एक पॉइंट एक रुपया साठ पैशांचा झाला. अडीअडचणीच्या वेळी पॉइंटचे खरे मोल कळते ते असे. मात्र ज्या कंपन्यांचे पॉइंट भाड्याबरोबर वरखाली होतात, तिथे हा लाभ नाही. आपली कंपनी कुठल्या प्रकारची, हे दोन-तीन तारखा तपासून पाहिले की लगेच लक्षात येते.

बिझनेस क्लासच्या बाबतीत हा हिशेब फसवा ठरू शकतो. त्या तिकिटाची रोख किंमत अफाट असते, त्यामुळे भागाकार केला की पॉइंट सोन्याचा वाटू लागतो. पण एवढे पैसे आपण एरवी कधी मोजले असते का? नसतील, तर ती बचत कागदावरचीच. हां, सत्तरीच्या आजींचे गुडघे दुखत असतील आणि प्रवास पंधरा-सोळा तासांचा असेल, तर आडवे होता येणारी खुर्ची ही चैन म्हणता येणार नाही. तिथे भागाकार बाजूला ठेवलेलाच बरा.

खाते कुठे, नाव कोणते

दर वेळी जी कंपनी स्वस्त, तिचे सदस्य व्हायचे आणि पाच खात्यांत थोडे थोडे पॉइंट सोडून द्यायचे, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. कुठलेच खाते तिकिटापर्यंत पोहोचत नाही. विमान कंपन्यांचे गट असतात, याचा उपयोग करून घ्यावा. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्समध्ये आहे. त्यामुळे लुफ्तान्सा किंवा सिंगापूर एअरलाइन्सच्या प्रवासाचे पॉइंटही एअर इंडियाच्या खात्यात घेता येतात. तिकिटाचा प्रकार त्यात बसतो ना, एवढे आधी पाहावे.

आणखी एक बदल ध्यानात घ्यायला हवा. पूर्वी अंतरावर पॉइंट मिळत. एअर इंडियानेही 2024 पासून ते तिकिटावर झालेल्या खर्चानुसार द्यायला सुरुवात केली. त्यामुळे स्वस्तातले तिकीट शोधून लांब जाणाऱ्या कुटुंबाच्या पदरात पूर्वीपेक्षा कमी पडते आणि कंपनीच्या खर्चाने फिरणाऱ्याच्या पदरात जास्त. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना मात्र सरकारी दौऱ्याचे पॉइंट घरच्या सहलीसाठी वापरता येत नाहीत. ते सरकारी प्रवासासाठीच वापरायचे, असा नियम आहे.

आपल्याकडे नावाचा घोळ तर ठरलेलाच! सदस्यत्व माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या, आणि तिकिटावर मधले नाव कधी असते, कधी नसते. नावे जुळली नाहीत की पॉइंट जमाच होत नाहीत. लग्नानंतर बँकेत नाव बदलायला जातो, त्याच आठवड्यात इथेही बदलून घ्यावे. राहिलेले पॉइंट मागून मिळू शकतात, पण त्याला काही महिन्यांचीच मुदत असते, म्हणून पॉइंट खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास टाकू नये.

एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. कित्येक योजनांत सदस्याच्या निधनानंतर पॉइंट वारसांना मिळत नाहीत, रद्द होतात. बहुतेक ठिकाणी हयातीत मात्र बायको-मुलांची तिकिटे आपल्या पॉइंटवर काढता येतात.

कार्डाचा मोह

आता पॉइंट विमानात न बसताही मिळतात, क्रेडिट कार्डाने खरेदी केली की झाले. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स या इंजिनिअरने 1999 मध्ये एका खाद्यपदार्थ कंपनीची मैल देणारी योजना पाहिली आणि पंचवीस सेंटला एक या दराने पुडिंगचे 12,150 डबे उचलले. साधारण तीन हजार डॉलर खर्चून त्याने बारा लाखांहून अधिक मैल मिळवले. एवढे पुडिंग खाणार कोण? ते त्याने एका धर्मादाय संस्थेला दिले आणि तिच्या स्वयंसेवकांकडून डब्यांवरची लेबले काढून घेतली.

या माणसाने आधी हिशेब केला, मग खरेदी. आपण बरेचदा पॉइंटसाठी खरेदी करतो आणि हिशेब बिल आल्यावर. कार्डाचे बिल थकले तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर व्याज चढते. शंभर रुपयांमागे दीड-दोन रुपयांचे पॉइंट त्यापुढे काय टिकणार? जो दर महिन्याला पूर्ण बिल भरतो, त्यानेच या वाटेला जावे. बँकेच्या कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवायचे तर जागा असल्याची खात्री करून मगच वळवावेत, कारण ते सहसा परत येत नाहीत.

जागा मिळणे हीच खरी अडचण असते. पॉइंटवर द्यायच्या जागा मोजक्या असतात. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी आली की त्या दिसेनाशा होतात. पण बऱ्याच कंपन्या दहा-अकरा महिने आधी जागा खुल्या करतात आणि बाळंतपणाची तारीख तर सात महिने आधी कळलेली असते. तेव्हा गोड बातमी आली, की त्याच आठवड्यात बाबांचे कार्ड खणातून काढावे. आधी पॉइंटवरचे तिकीट मिळवावे, मग त्याच विमानात दुसरे पैशांनी घ्यावे. उलटे केले तर एकटे जाण्याची पाळी येते. पॉइंटवरचे तिकीट रद्द केले तर अनेक कंपन्या थोडे शुल्क कापून पॉइंट परत देतात. म्हणून ज्याची तारीख बदलण्याचा संभव जास्त, त्याचे तिकीट पॉइंटवर असलेले बरे. आई तर नातवंडाला तीन महिन्यांचे केल्याशिवाय परतणार नाही. बाबांचे मन मात्र तिथे किती दिवस रमेल, ते सांगता येत नाही.