जीआरईचा दुसरा सेक्शन अवघड आला? मग घाबरू नका

परदेशात एमएस करण्यासाठी जीआरई देणाऱ्या अनेकांना क्वांटच्या दुसऱ्या सेक्शनमध्ये धक्का बसतो. पहिला बरा गेलेला असतो आणि गणितं अचानक अवघड होतात. खरं तर हे बहुतेक वेळा चांगलं लक्षण असतं.

क्वांटच्या पहिल्या सेक्शनमध्ये १२ प्रश्न आणि २१ मिनिटं असतात. त्यातली कामगिरी पाहून कॉम्प्युटर पुढच्या १५ प्रश्नांची काठिण्यपातळी ठरवतो. व्हर्बलचा हिशेब वेगळा. तिथे घसरलात म्हणून क्वांट सोपं येत नाही.

सेक्शनमधल्या प्रत्येक प्रश्नाला सारखंच वजन असतं. बरोबर उत्तरांची बेरीज होते आणि काठिण्यपातळी लक्षात घेऊन ती १३० ते १७० च्या पट्टीवर बसवली जाते. म्हणूनच बरोबर उत्तरं तेवढीच असूनही अवघड सेक्शन मिळालेल्याचा स्कोअर जास्त येऊ शकतो.

गेटची सवय असलेले इथेच फसतात. खात्री नाही म्हणून प्रश्न कोरा सोडतात. जीआरईत निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे अंदाजानं का होईना, उत्तर द्याच. सेक्शनची वेळ संपेपर्यंत मागे जाऊन ते बदलताही येतं. पहिल्या सेक्शनमध्ये एकाच गणितावर पाच मिनिटं अडून बसलात, तर शेवटचे सोपे प्रश्न हातचे जातात आणि दुसरा सेक्शनही सोपा येतो. तिथून १६५ च्या पुढे जाणं कठीण.